बांगलादेशातील तयार कपड्यांचा उद्योग : तंत्रज्ञान, रोजगार आणि कौशल्ये

बांगलादेशातील तयार कपड्यांचा उद्योग हा त्या देशाचा सर्वांत मोठा निर्यात उद्योग होय. देशाच्या एकूण वस्तुनिर्यातीत त्याचा वाटा चार-पंचमांशाहून अधिक असून सुमारे ४० लाख कामगार त्यात काम करतात. ढाका आणि चट्टग्राम (पूर्वीचे चितगाव) ही दोन शहरे आणि सावार, आशुलिया, गाझीपूर व नारायणगंज हा ढाक्याभोवतीचा पट्टा ही त्याची मुख्य केंद्रे आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ शून्यातून सुरू झालेला हा उद्योग चार दशकांत चीननंतरच्या सर्वांत मोठ्या कपडे-निर्यातदारांच्या पंक्तीत जाऊन बसला. विकसनशील आशियात नवे तंत्रज्ञान आले की कोणाला काम मिळते, कोणाचे जाते आणि ज्याचे जाते त्याला दुसरे काम शिकण्याची संधी उरते का, या प्रश्नांच्या अभ्यासासाठी या उद्योगाचे उदाहरण वारंवार घेतले जाते.

उद्योगाचे स्वरूप

'कापड उद्योग' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुंबईचे गिरणगाव उभे राहते. तेथे सूतकताई व विणाई होत असे. येथे वर्णन केलेला उद्योग त्याच्या पुढच्या टप्प्याचा आहे : तयार कापड कापून, शिवून, इस्त्री करून व खोक्यांत भरून परदेशी दुकानांकडे पाठवणे. गिरणीला मोठी यंत्रे, भरपूर वीज आणि मोठे भांडवल लागते. शिलाईच्या कारखान्याला एक मोठे दालन, काही शे शिलाई यंत्रे आणि माणसे पुरतात. म्हणूनच औद्योगिक वाटचालीच्या आरंभी अनेक देशांनी हाच उद्योग प्रथम धरला. जपान, दक्षिण कोरिया, तैवान व हाँगकाँग हे त्या वाटेने पुढे गेले आणि मजुरी वाढू लागताच त्यांनी हे काम शेजारच्या गरीब देशांकडे सरकवले.

उत्पादनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. मागावर विणलेल्या कापडापासून शर्ट, पँट, जाकीट इत्यादी बनतात. त्यासाठीचे कापड मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागते व त्यातील बराच भाग चीनमधून येतो. दुसरा प्रकार होजिअरीचा, म्हणजे टी-शर्ट, बनियन, स्वेटर यांचा. त्याचे सूत व कापड बव्हंशी देशातच तयार होते, मात्र कापूस बाहेरून येतो. बांगलादेशात कापूस फारच थोडा पिकतो. भारत हा त्याला कापूस व सूत पुरवणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक आहे.

कारखान्यातील काम समजून घेण्यासाठी शिंपी आणि यंत्रचालक यांच्यातील फरक ध्यानात घ्यावा लागतो. शिंपी माप घेतो, कापड बेततो, कापतो आणि पूर्ण शर्ट शिवतो. कारखान्यात एका शर्टाची कित्येक डझन लहान कामांत वाटणी केलेली असते. एक कामगार केवळ कॉलर उलटवते, दुसरी कफ जोडते, तिसरी खिसा बसवते, चौथी काजे पाडणाऱ्या यंत्रावर असते. यंत्रे ओळीने मांडलेली असतात. या रांगेला 'लाइन' म्हणतात. प्रत्येक कामाला किती वेळ लागावा हे सेकंदांपर्यंत ठरवलेले असते आणि त्यावरून तासाचे लक्ष्य निघते. लाइनवर 'हेल्पर' ही सर्वांत खालची पायरी. धागे कापणे, खुणा करणे, कापलेले तुकडे जुळवून पुढे देणे ही तिची कामे. त्यावर 'ऑपरेटर', त्यावर सुपरवायझर आणि लाइनप्रमुख. आपल्याकडे 'शिवणकाम येते' याचा जो अर्थ होतो, तो येथे लागू पडत नाही. दहा वर्षे कफ जोडणाऱ्या कामगाराला पूर्ण शर्ट शिवता येईलच असे नाही. कामाच्या या वाटणीमुळे गावाहून आलेली, कधीही यंत्राला हात न लावलेली मुलगी काही आठवड्यांत कामाला लागू शकते. आणि या वाटणीमुळेच पुढे तिचे कौशल्य एका शिवणीपुरते अडकून राहते.

देश गारमेंट्स आणि बुसानचे प्रशिक्षण

ढाक्याच्या रियाझ गारमेंट्स या कंपनीने १९७८ साली पॅरिसला पुरुषांचे शर्ट पाठवले. ही देशाची पहिली तयार कपड्यांची थेट निर्यात मानली जाते. परंतु उद्योगाला खरी चालना मिळाली ती त्याच वर्षी झालेल्या एका करारातून. माजी सनदी अधिकारी नुरुल कादेर यांनी स्थापन केलेली देश गारमेंट्स आणि दक्षिण कोरियाची देवू यांच्यात हा करार झाला.

देवूला बांगलादेशात रस का वाटावा, याचे उत्तर जागतिक व्यापाराच्या नियमांत होते. १९७४ पासून लागू झालेल्या बहुतंतू करारानुसार अमेरिका व युरोपातील देश प्रत्येक निर्यातदार देशासाठी कपड्यांचा कोटा ठरवीत. कोरियाचा कोटा भरत आला होता, बांगलादेशावर मात्र कोणतेच बंधन नव्हते. देवूने यंत्रे निवडून देणे, माणसे शिकवणे व माल परदेशात विकणे ही जबाबदारी घेतली. मोबदल्यात देश गारमेंट्सने विक्रीच्या ८ टक्के इतकी रक्कम स्वामित्वशुल्क व दलाली म्हणून द्यायची होती.

१९७९ साली देश गारमेंट्सचे १३० कर्मचारी देवूच्या बुसान येथील कारखान्यात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेले. तेथे ते यंत्र चालवायला तर शिकलेच, शिवाय लाइन कशी मांडावी, कामाचे तुकडे कसे पाडावेत, दोष कोठे पकडावेत, परदेशी गिऱ्हाइकाची मुदत कशी पाळावी, हेही त्यांनी पाहिले. १९८० मध्ये चट्टग्रामच्या कालुरघाट येथील कारखान्यात उत्पादन सुरू झाले. पहिल्या वर्षी ४३,००० शर्ट गेले व त्यांची किंमत अवघी ५५,०५० डॉलर होती. १९८१च्या जूनअखेर कादेर यांनी देवूशी असलेला करार संपवला. तरीही १९८७ पर्यंत कंपनीची वार्षिक निर्यात २३ लाख शर्टांवर पोचली.

याहून महत्त्वाची गोष्ट कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. बुसानला गेलेल्या १३० जणांपैकी ११५ जण १९८७ पर्यंत देश गारमेंट्स सोडून गेले होते. काहींनी स्वतःचे कारखाने काढले, काही इतरांच्या नव्या कारखान्यांत वरच्या जागांवर गेले. मालकाच्या दृष्टीने हे नुकसान होते. देशाच्या दृष्टीने तो विद्येचा प्रसार होता. यंत्रे कोणालाही पैसे मोजून विकत घेता येतात, परंतु ती कशी मांडावीत व चालवावीत याचे ज्ञान माणसांबरोबर प्रवास करते, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम ईस्टर्ली यांनी याच उदाहरणातून मांडले आहे.

कादेर यांच्या प्रयत्नांतून आणखी दोन व्यवस्था रुजल्या. आयात केलेले कापड जकात न भरता बंदिस्त गोदामात ठेवून, कपडे शिवून निर्यात करण्याची मुभा ही पहिली. दुसरी म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्राच्या आधारावर कापड पुरवणाऱ्यासाठी दुसरे पतपत्र काढण्याची सोय. या दुसऱ्या सोयीमुळे खिशात फारसे भांडवल नसलेल्या माणसालाही कारखाना काढता आला. उद्योग इतक्या वेगाने वाढला की १९८५ साली अमेरिकेने बांगलादेशावरही कोटा लावला. कोट्याची ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत निघून १ जानेवारी २००५ रोजी पूर्णपणे संपली. त्यानंतर चीनपुढे बांगलादेशाचा टिकाव लागणार नाही, असे अनेकांनी लिहिले होते. प्रत्यक्षात निर्यात वाढतच गेली. युरोपीय संघाने २००१ पासून अतिअविकसित देशांना दिलेला जकातमुक्त प्रवेश हे त्याचे एक मोठे कारण होते.

स्त्री कामगार

आरंभीच्या दोन दशकांत कामगारांत स्त्रियांचे प्रमाण पाचांत चार इतके सांगितले जाई. बहुतेकजणी ग्रामीण भागातून आलेल्या व तरुण होत्या. स्त्रियांनी घराबाहेर मजुरी करणे जेथे कमीपणाचे मानले जात होते, त्या समाजात सकाळी रस्त्याने घोळक्याने कारखान्याकडे जाणाऱ्या मुली हे दृश्यच नवे होते. नायला कबीर यांनी आपल्या २००० सालच्या ग्रंथात ढाक्यातील या कामगार स्त्रियांची तुलना लंडनमधील बांगलादेशी स्त्रियांशी केली आहे. पडद्याची परंपरा असलेल्या देशातल्या स्त्रिया कारखान्यात आल्या, आणि लंडनसारख्या शहरात राहणाऱ्या मात्र घरी बसून शिलाई करीत राहिल्या, हा विरोधाभास त्यांनी तपासला.

रेचेल हीथ व मुश्फिक मोबारक यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारखान्यांजवळच्या आणि दूरच्या गावांची तुलना आहे. कारखान्यांजवळच्या गावांतील मुलींची लग्ने व पहिली बाळंतपणे उशिरा होतात आणि लहान मुली शाळेत अधिक टिकतात, असे त्यांना आढळले. लिहिता-वाचता व हिशेब करता येणाऱ्या मुलीला कारखान्यात बरी जागा मिळते, हे पालकांना दिसू लागले होते. मात्र थोड्या मोठ्या वयाच्या काही मुली शाळा सोडून कामाला लागल्या, हेही त्याच अभ्यासात नोंदवले आहे.

बालकामगारांचा प्रश्न १९९२च्या सुमारास तीव्र झाला. बालकांकडून बनवलेल्या मालाची आयात रोखण्याचे विधेयक अमेरिकेच्या संसदेत मांडले जाताच कारखानदारांनी घाईने मुलांना कामावरून काढून टाकले. त्यांतील अनेक मुले शाळेत न जाता आणखी वाईट कामांकडे वळली. ४ जुलै १९९५ रोजी कारखानदारांची संघटना (बीजीएमईए), युनिसेफ व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांच्यात करार होऊन अशा मुलांसाठी शाळा व विद्यावेतन यांची सोय करण्यात आली.

ऑपरेटर स्त्रिया आणि सुपरवायझर पुरुष ही रचना मात्र फारशी बदलली नाही. रोको मॅकियाव्हेलो, क्रिस्टोफर वुडरफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपरवायझर होण्यासाठी प्रशिक्षण दिलेल्या स्त्री-पुरुषांची तुलना केली. ज्ञानाच्या चाचणीत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीच्या होत्या, तरी हाताखालील कामगार आरंभी त्यांना कमी लेखीत. प्रत्यक्ष काम पाहिल्यावर हे मत बदलत गेले.

इमारती आणि अपघात

मागणी वाढली तसे कारखाने शहरातील दाट वस्तीतल्या बहुमजली इमारतींत चढले. त्यांतील कित्येक इमारती दुकाने वा कचेऱ्यांसाठी बांधलेल्या होत्या. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी आशुलियातील ताझरीन फॅशन्स या कारखान्याच्या आगीत शंभराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी सावार येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे २,५०० जण जखमी झाले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले.

यानंतर दोनशेहून अधिक परदेशी कंपन्यांनी कामगार संघटनांबरोबर बंधनकारक सुरक्षा करार ('अकॉर्ड') केला. इमारतींची रचना, विजेची जोडणी व आगीपासून संरक्षण यांची तपासणी स्वतंत्र अभियंत्यांकडून होऊ लागली आणि अहवाल जाहीर होऊ लागले. २०२० मध्ये हे काम देशातच स्थापन झालेल्या परिषदेकडे सोपवण्यात आले. दुरुस्तीचा खर्च न पेलणारे अनेक लहान कारखाने बंद पडले, तर मोठ्यांनी नव्या इमारती बांधल्या आणि त्या बांधताना नवी यंत्रेही आणली. उद्योगात यंत्रीकरणाचा वेग वाढण्यामागे हे एक कारण आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही.

यंत्रांचा प्रवेश

शिलाईचे काम यंत्राकडे पूर्णपणे सोपवणे अवघड आहे, कारण कापड मऊ असते. पत्र्याचा तुकडा उचलला तरी आकार सोडत नाही; कापड दुमडते, ताणले जाते, सरकते आणि प्रत्येक ताक्याचा पोत थोडा निराळा असतो. कफ जोडताना बोटांनी कापडाला जो हलका ताण दिला जातो, तो यंत्रमानवाला अजून सहज साधत नाही. त्यामुळे शिलाई यंत्रासमोरचे माणूस हलले नाही. यंत्रे आली ती त्याच्या मागे आणि पुढे.

कागदावर बेत काढण्याऐवजी संगणकावर तो काढून कमीत कमी कापड वाया जाईल अशी मांडणी करता येऊ लागली. कापडाचे थर पसरणे व कापणे यांसाठी स्वयंचलित यंत्रे आली. शिवण संपताच धागा आपोआप तोडणारी शिलाई यंत्रे आली. खिसे बसवणे, काजे पाडणे, बटणे लावणे यांसाठी अशी यंत्रे आली की कामगाराने तुकडा ठेवायचा आणि उचलायचा. जीन्सला जुनेर रूप देण्यासाठी सँडपेपरने हाताने घासण्याचे किंवा वाळूचा मारा करण्याचे काम लेझर किरण करू लागले. वाळूच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत असल्याने हा बदल आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्हच म्हटला पाहिजे.

सर्वांत मोठा फरक स्वेटरच्या कारखान्यांत पडला. पूर्वी तेथे हाताने सरकवायच्या विणाई यंत्रांवर हजारो कामगार बसत. त्यांची जागा संगणकीय जॅकार्ड यंत्रांनी घेतली. नमुना संगणकातून यंत्रात जातो आणि एकच माणूस अनेक यंत्रांवर लक्ष ठेवतो. इतर विभागांत कामगार थोडे थोडे कमी झाले. येथे एक संपूर्ण व्यवसायच काही वर्षांत आटला.

स्त्रियांच्या दृष्टीने धागा तोडणारे साधे यंत्र अधिक परिणामकारक ठरले. धागे कापणारी हेल्पर ही नवागत मुलीची जागा होती. जेवणाच्या सुट्टीत किंवा शेजारची ऑपरेटर गैरहजर असताना ती यंत्रावर हात बसवायची आणि पुढे स्वतः ऑपरेटर व्हायची. हेल्परच्या जागा घटल्या तेव्हा मजुरीबरोबर शिकण्याची ही पहिली पायरीही आकुंचन पावली. दुसरीकडे नव्या यंत्रांची देखभाल, जॅकार्ड चालवणे, संगणकावर बेत काढणे या कामांसाठी बहुधा पुरुषच निवडले जातात. तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांत पुरुष अधिक आहेत, आणि रात्रपाळी व यंत्रदुरुस्ती ही पुरुषांची कामे मानण्याची रीतही आहे. अलीकडच्या पाहण्यांत कामगारांतील स्त्रियांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली आल्याचे आढळते. याचे सगळे खापर यंत्रांवर फोडता येणार नाही. मुले सांभाळण्याची सोय नसणे, थकवून टाकणारे तास आणि तिशीनंतर कामावर टिकणे कठीण होणे हीही कारणे आहेत.

भाकिते

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१६ साली आग्नेय आशियाविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात कपडे व पादत्राणे उद्योगातील पगारी कामगारांपैकी कंबोडियात ८८ टक्के आणि व्हिएतनाममध्ये ८६ टक्के कामगारांना यंत्रीकरणाचा मोठा धोका असल्याचे म्हटले होते. वर्तमानपत्रांतून हे आकडे 'इतक्या नोकऱ्या जाणार' अशा अर्थाने फिरले आणि बांगलादेशालाही लावले गेले. तो अर्थ बरोबर नाही. एखादे काम यंत्राला करता येणे निराळे आणि कारखानदाराला ते यंत्र परवडणे निराळे. मजुरी कमी असते तोवर महाग यंत्र घेण्यात फायदा नसतो. आशियाई विकास बँकेने २०१८च्या आपल्या वार्षिक अहवालात आशियातील १२ विकसनशील अर्थव्यवस्थांचा २००५ ते २०१५ या काळासाठी अभ्यास केला. तंत्रज्ञानामुळे जितके काम घटले, त्याहून अधिक काम वाढत्या मागणीने निर्माण झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा बेरजेत गेलेले काम आणि आलेले काम एकाच माणसाचे असेल असे मात्र नसते.

प्रशिक्षणाची व्यवस्था

या उद्योगात दीर्घकाळ कारखाना हीच शाळा राहिली. वरच्या स्तरासाठी संस्था निघाल्या. कारखानदारांच्या संघटनेने १९९९ मध्ये सुरू केलेल्या फॅशन व तंत्रज्ञान संस्थेला २०१२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वस्त्रोद्योगाचे शासकीय महाविद्यालय २०१० मध्ये विद्यापीठ झाले. २०११ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास धोरण आले, २०१४ मध्ये आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने मोठा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि २०१८च्या कायद्याने कौशल्य विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्यात आले.

तरीही मधल्या फळीची उणीव जाणवते. उत्पादन-व्यवस्थापक, गुणवत्ता-तपासनीस, विक्री-व्यवहार पाहणारे अधिकारी अशा जागांवर भारतीय व श्रीलंकन माणसे मोठ्या संख्येने नेमली जात आली आहेत. लाइनवरच्या अनुभवी ऑपरेटरला या जागांपर्यंत नेणारी वाट अरुंद आहे. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणवर्गांचा भर नवागतांना ऑपरेटर करण्यावर असतो, म्हणजे नेमक्या त्या पायरीवर जिचे भवितव्य सर्वांत अनिश्चित आहे. दहा-बारा तास काम करून घरचा स्वयंपाक करणाऱ्या तीस वर्षांच्या स्त्रीने जॅकार्ड यंत्राचा अभ्यासक्रम कधी करावा, याचा विचार या योजनांत क्वचितच दिसतो. कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून दिलेले प्रशिक्षण हा त्यावरचा उपाय असू शकतो. बुसानला गेलेले १३० जण कंपनीच्या खर्चानेच शिकले होते.

मजुरी आणि पुढील काळ

सर्वांत खालच्या श्रेणीची किमान मासिक मजुरी २०१० मध्ये ३,००० टका, २०१३ मध्ये ५,३०० टका, २०१८ मध्ये ८,००० टका आणि २०२३ मध्ये १२,५०० टका ठरवण्यात आली. शेवटच्या वाढीपूर्वी कामगार संघटना सुमारे २३,००० टक्यांची मागणी करीत होत्या व त्यासाठी तीव्र आंदोलन झाले. २०२०च्या करोना साथीत परदेशी कंपन्यांनी सुमारे तीन अब्ज डॉलरच्या मागण्या रद्द केल्या वा थांबवल्या. त्या वेळी शासनाने पगारासाठी ५,००० कोटी टक्यांचे कर्जसाहाय्य देताना रक्कम थेट कामगाराच्या बँक किंवा मोबाइल खात्यात जमा करण्याची अट घातली. लाखो कामगारांची खाती त्या काही आठवड्यांत उघडली गेली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये बांगलादेशाला अतिअविकसित देशांच्या यादीतून वगळण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. युरोपीय संघातील जकातमुक्त प्रवेश त्यानंतर आणखी तीन वर्षे चालू राहण्याची तरतूद आहे. पुढे सवलत हवी असल्यास कापडही देशातच विणलेले असावे, असा कडक नियम लागू होऊ शकतो. होजिअरीला त्याची फारशी अडचण नाही. आयात कापडावर चालणाऱ्या शर्ट-पँटच्या कारखान्यांना मात्र ती मोठी आहे. त्यासाठी देशात कापड गिरण्या वाढवाव्या लागतील, आणि आधुनिक गिरणीत शिलाईच्या कारखान्याच्या मानाने फारच थोडी माणसे लागतात.